फुकटचं पद कुणाला परवडतं? जोतीराव फुले, ओतूरचा खटला आणि सरपंचांचं मानधन

जुन्नर तालुक्यातलं ओतूर. साल १८८४च्या आसपासचं. गावातल्या बाळाजी कुसाजी पाटलांच्या घरी लग्न झालं. मांडव पडला, वऱ्हाड आलं, पंगती उठल्या. पण लग्न लावायला ग्रामजोशी नव्हता. पाटील सत्यशोधक समाजाचे होते आणि लग्न पुरोहिताशिवाय लागलं होतं.

आता यात ग्रामजोशाचं काय बिघडलं? त्याची दक्षिणा बुडाली. गावातल्या लग्नकार्याची दक्षिणा हा त्याच्या घराण्याचा वंशपरंपरागत हक्क होता. त्यामुळे लग्न त्यानं लावलं नसलं तरी पैसे त्याला मिळालेच पाहिजेत, असा दावा जुन्नरच्या कोर्टात दाखल झाला.

वरवर पाहिलं तर हे भांडण चार-दोन रुपयांचं. पण त्यामागचा प्रश्न मोठा होता. पैसे कुणाला द्यायचे? ज्याच्या घराण्याकडे वतन आहे त्याला, की ज्यानं काम केलं त्याला?

ओतूरच्या लोकांच्या पाठीशी या लढाईत पुण्यातला एक माणूस उभा होता. त्याचं नाव जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीराव म्हटलं की भिडेवाड्यातली मुलींची शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज आणि ‘गुलामगिरी’ आठवते. ते पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. हे काम त्यांनी जवळपास सहा वर्षं केलं. पगाराशिवाय. ते त्यांना कसं जमलं हे पाहिलं, की आजच्या सरपंचांच्या मानधनाचा वादही नीट कळतो.

फुलं विकणारं घर, कंत्राटं घेणारा मुलगा

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७चा. मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर घराण्यानं पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा केला आणि फुले हे नाव चिकटलं. जोतीराव वर्षाचेही नव्हते तेव्हा आई चिमणाबाई गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं.

१८४० साली सावित्रीबाईंशी लग्न झालं. १८४१ ते १८४७ या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झालं. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी या कामापायी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं.

शाळा चालवून घर चालत नव्हतं. सावित्रीबाई शिकवत होत्या, जोतीराव शिकवत होते आणि शाळांसाठी पैसा उभा करायची धावपळही त्यांचीच होती. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. पण शालजोडीनं चूल पेटत नाही.

मग जोतीरावांनी धंदा केला. शेती आणि भाजीपाला होताच. धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य ते विकू लागले. शिवाय सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली. खडकवासल्याचं धरण, येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. दगड, चुना, मजूर, हिशोब हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं. सरकारी कामांत लाच कशी फिरते, वरचे अधिकारी आणि खालचे कारकून मिळून अडाणी मजुराला कसे फसवतात, हेही पाहिलं आणि पुढे आपल्या लेखनात मांडलं.

म्हणजे समाजसुधारक जोतीराव आणि व्यावसायिक जोतीराव हा एकच माणूस होता. धंद्यातून पैसा येत होता, म्हणून बाकीचं काम फुकट करता येत होतं.

३२ जणांत एकटे

१८७६ मध्ये सरकारनं त्यांना पुणे नगरपालिकेचं सदस्य नेमलं. इथे नेमलं हा शब्द महत्त्वाचा आहे. तेव्हा पुणेकर मतदान करून नगरसेवक निवडत नव्हते. प्रतिष्ठित, वजनदार, पैसेवाली माणसं सरकार निवडायचं. पदाला पगार नव्हता. मान हाच मोबदला.

आता अशा सभागृहात कोण बसणार? सरदार, सावकार, वकील, व्यापारी, निवृत्त अधिकारी. रोज कमावून रोज खाणारा माणूस तिथे पोचणं शक्यच नव्हतं. एक दिवस सभेला बसला तर त्या दिवशीची भाकरी कोण देणार?

आणि सभागृहात जे बसतात, तेच शहराचा पैसा कुठे खर्च होणार ते ठरवतात. जोतीरावांना याचा अनुभव लवकरच आला.

१८८० साली व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होता. त्याच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १८७६-७७ मध्ये दख्खननं मोठा दुष्काळ पाहिला होता. सत्यशोधक मंडळींनी धनकवडीत भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं जोतीरावांचं म्हणणं होतं. मतदान झालं. ३२ सदस्यांपैकी विरोधात मत पडलं एकच, जोतीरावांचं.

शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हाही त्यांनी नगरपालिकेला लेखी विरोध कळवला. मोठी मंडई बांधायची टूम निघाली, तेव्हा इमारतीऐवजी शिक्षणावर पैसा घाला, असा त्यांचा आग्रह होता. मंडई झालीच. गंमत म्हणजे ज्या इमारतीला त्यांचा विरोध होता, तीच आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते.

एकटं मत द्यायला धाडस लागतं, हे खरंच. पण त्या धाडसामागे एक साधी गोष्टही होती. जोतीरावांचं पोट नगरपालिकेवर, सरदारांच्या मर्जीवर किंवा सरकारी नोकरीवर अवलंबून नव्हतं. रोजीरोटी दुसऱ्याच्या हातात असलेल्या सदस्याला असं मत देणं किती जड गेलं असतं?

चांगला माणूस हवा, तर पगार द्या

१८८२ मध्ये सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी आयोगाला सविस्तर निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच निवेदनात शिक्षकांच्या पगाराबद्दल जे आहे, ते आजही वाचण्यासारखं आहे.

शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते गावकऱ्यांत मिसळतील, असं त्यांनी मांडलं. पण अशी माणसं तुटपुंज्या पगारावर येणार नाहीत आणि आली तरी टिकणार नाहीत, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून शिक्षकाला महिना किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्या, असा आकडाच त्यांनी सांगितला. चांगलं काम करणाऱ्याला जादा भत्ता द्या, असंही सुचवलं. गावातली हिशोबाची, टपालाची, मुद्रांकविक्रीची कामं शिक्षकाकडे सोपवली तर त्याचं उत्पन्न आणि गावातलं वजन दोन्ही वाढेल, ही कल्पनाही त्यात होती.

हा पैसा आणायचा कुठून? शेतकऱ्यांकडून लोकल फंड नावाचा उपकर वसूल होत होताच. त्यातला किमान निम्मा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही हाच हिशोब पुन्हा येतो. शेतकरी पैसा देतो, मग त्यातून शेतकऱ्याला काय मिळतं?

जोतीरावांनी हे शिक्षकांबद्दल मांडलं होतं, लोकप्रतिनिधींबद्दल नाही. पण त्यामागचं गणित दोन्हीकडे लागू पडतं. सार्वजनिक कामाला पुरेसा मोबदला नसेल, तर एक तर ते काम मोबदल्याची गरज नसलेल्यांकडे जातं, नाही तर मोबदला दुसऱ्या वाटेनं काढणाऱ्यांकडे.

वतनाचा हक्क आणि कामाचा मोबदला

आता परत जुन्नरकडे येऊ. ओतूरचा खटला जुन्नरच्या कोर्टापुरता राहिला नाही. वरच्या कोर्टात गेला आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात पोचला. दरम्यान १८८७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीच्या पूजाविधींचं पुस्तक काढलं, म्हणजे पुरोहिताशिवाय लग्न लावायचं तर काय करायचं हे गावोगावच्या लोकांना कळावं.

उच्च न्यायालयाचा निकाल अखेर बाळाजी पाटलांच्या बाजूनं लागला. जोशाला न बोलावता लग्न लावता येतं आणि न केलेल्या कामाचे पैसे त्याला द्यावे लागत नाहीत, हे मान्य झालं. पुढे १९२६ मध्ये सी. के. बोले यांच्या प्रयत्नांतून मुंबई इलाख्यात याविषयीचा कायदाच झाला.

जुन्नरच्या मातीला ही कल्पना परकी नव्हती. याच तालुक्यातल्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. कामगिरीबद्दल जमिनी आणि गावं वंशपरंपरेनं तोडून देण्यापेक्षा रोख वेतन देण्याकडे त्यांच्या कारभाराचा कल होता. एकदा वतन दिलं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं, मग काम होवो न होवो. पगार मात्र काम करणाऱ्यालाच मिळतो. शिवरायांवर १८६९ मध्ये पोवाडा लिहिणाऱ्या जोतीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं ते कुळवाड्यांचा राजा म्हणून.

१८८४-८५ च्या सुमारास जुन्नर भागातल्या शेतकऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनी कसायलाच त्यांनी नकार दिला. या भागात सत्यशोधक विचार पोचला होता आणि जोतीरावांचा शेतकऱ्यांना पाठिंबा होता. घाम आपला आणि उत्पन्न दुसऱ्याचं, हे आता चालणार नव्हतं.

शेवटची वर्षं

११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठ्या सभेत जोतीरावांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली.

तरी लिहिणं थांबलं नाही. उजवा हात चालत नव्हता म्हणून डाव्या हातानं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

पण धंदा बंद पडला होता. आयुष्यभर कमावलेलं शाळांत, अनाथ बाळांच्या गृहात आणि लोकांच्या कामात गेलं होतं. दत्तक मुलगा यशवंत अजून शिकत होता. औषधपाण्याला पैसा पुरेना. मामा परमानंद यांनी १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबासाठी मदत मागितली. ज्या माणसानं शहराच्या कारभाराला सहा वर्षं दिली, त्याच्या आजारपणात घर चालवायला एका महाराजांपुढे शब्द टाकावा लागला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले.

फुकट केलेल्या कामाची किंमत कुणी तरी मोजतंच. इथे ती एका कुटुंबानं मोजली.

नंतर काय बदललं?

जोतीराव नगरपालिकेत असतानाच, १८८२ मध्ये लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला. त्यानंतर निवडणुका आल्या, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. पण मत द्यायला मालमत्ता किंवा कर भरल्याची अट होती आणि पदं बिनपगारीच राहिली. दार थोडं किलकिलं झालं, इतकंच.

हा प्रश्न काही फक्त आपल्याकडचा नव्हता. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये पेरिक्लिसच्या काळात न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना भत्ता सुरू झाला, तो गरिबालाही कामधंदा सोडून येता यावं म्हणून. इंग्लंडमध्ये १८३८ मध्ये चार्टिस्ट कामगारांनी सहा मागण्या मांडल्या. त्यातली एक होती खासदारांना पगार द्या, म्हणजे कामगारही संसदेत जाऊ शकेल. ती मान्य व्हायला १९११ उजाडलं आणि खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर पाटीलकी-कुलकर्णीपणाची वतनं कायद्यानं संपली. १९५८ मध्ये ग्रामपंचायत कायदा झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि महिला, दलित, आदिवासींसाठी जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात महिलांचं आरक्षण २०११ मध्ये ५० टक्के झालं. जोतीराव-सावित्रीबाईंनी ज्यांच्यासाठी शाळा काढल्या, त्यांच्या लेकी-नाती खुर्चीवर बसल्या.

पण खुर्चीवर बसून घर कसं चालवायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

२०० रुपये रोज

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सरपंच आणि उपसरपंचांचं मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला ३,००० ऐवजी ६,००० रुपये, आठ हजारांपर्यंत ४,००० ऐवजी ८,००० आणि त्याहून मोठ्या गावात ५,००० ऐवजी १०,००० रुपये महिना.

दुप्पट ऐकायला मोठं वाटतं. आता भागाकार करून पाहा. लहान गावाच्या सरपंचाचे ६,००० म्हणजे दिवसाला २०० रुपये. त्याच २०२४-२५ वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीवर काम करणाऱ्या मजुराचा रोज होता २९७ रुपये.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हा फरक जास्त बोचतो. या दोन्ही तालुक्यांचा डोंगराळ भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथलं सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असतं. हेतू चांगला आहे, गावाचा कारभार गावच्याच माणसाच्या हातात राहावा. पण या भागातली शेती पावसाच्या भातावर, जोडीला हिरडा गोळा करणं. बाकीच्या दिवसांत नारायणगावच्या बाजूला बागायतीत मजुरीला जावं लागतं. अशा घरातली बाई सरपंच झाली, तर पंचायत समितीच्या बैठकीसाठी घोडेगावला किंवा जुन्नरला जायचं म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. वर गाडीभाडं वेगळं.

मग काय होतं? एक तर ती बैठकीला जात नाही आणि तिच्या नावावर कारभार दुसराच कुणी पाहतो. किंवा ती पुढच्या वेळी उभीच राहत नाही.

मग मानधन वाढवलं की झालं?

तेवढ्यानं भागत नाही, हेही खरं. डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर. पैसा मंदिराच्या बांधकामासाठी असल्याचं सांगण्यात आलं. राज्य निवडणूक आयोगानं ती निवडणूकच रद्द केली. ज्या पदाचं मानधन महिना पाच हजारांच्या वर नव्हतं, त्यासाठी कोटींची बोली लागते. इतका पैसा असलेल्याला मानधन दोन हजारांनी वाढलं काय आणि न वाढलं काय, काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या माणसाला. शिकलेल्या तरुणाला, जो गावासाठी काही करू पाहतो पण घरी म्हातारे आई-बाप आहेत. भाजी विकणाऱ्या बाईला. डोंगरातल्या भातशेतकऱ्याला. त्यांच्यासाठी योग्य मोबदला म्हणजे उभं राहायची परवानगी. त्याच्या जोडीला प्रवासभत्ता, प्रशिक्षण, हजेरी आणि हिशोबाची तपासणीही हवी. जोतीरावांच्या शिक्षकांविषयीच्या निवेदनातही फक्त पगार नव्हता. प्रशिक्षण आणि चांगल्या कामाला बक्षीस ही दोन्ही त्यात होती.

मानधन वाढवायला विरोध करणारे म्हणतात, लोकसेवा ही पैशासाठी करायची नसते. जोतीरावांनीही ती पैशासाठी केली नव्हती. पण त्यांच्याकडे कंत्राटं होती, शेती होती, स्वतःची कमाई होती. ३२ जणांच्या त्या सभागृहात गरिबांच्या बाजूनं एकच मत पडलं, कारण गरीब स्वतः तिथे बसूच शकत नव्हता.

ओतूरच्या खटल्यानं न केलेल्या कामाचे पैसे द्यायचे नाहीत, हे ठरवून टाकलं. केलेल्या कामाचे पैसे द्यायचे, हे त्याच तालुक्यातल्या सरपंचबाईच्या बाबतीत अजून ठरायचं आहे.